एकेकच लाडू घेणारी माणसं

मी एक जुना स्टीलचा डबा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. वाईट वाटून घेऊ नका. ज्याच्या पोटात उभा जन्म डिंकाचे लाडू राहिले, त्याच्याकडे माणसं कशी बघतात ते मला ठाऊक आहे. माणूस आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, आणि मग माझ्याकडे. झाकणाला असा हात लावतो, जणू ते घट्ट बसलंय की नाही एवढंच त्याला बघायचं आहे. मग स्वतःशीच पुटपुटतो, "एकच घेतो." हे 'एकच'वाले फार धोक्याचे. दोन घेणारा निदान लाजतो तरी.

माझा जन्म विठ्ठलवाडीजवळच्या एका शेडमध्ये झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली सरकवायची, वरून धाडकन दणका बसायचा आणि चकतीचा डबा व्हायचा. पुढे फिरत्या चाकावर घासून घासून मला इतकं चकचकीत केलं की पॉलिशवाला माझ्यात बघून भांग पाडायचा. तिथून मी कल्याणला भांड्यांच्या दुकानात आलो आणि तिथे मला मंजुळा भेटली.

मंजुळा दिव्याकडच्या खाडीकाठची, मासळी विकणारी बाई. तिनं मला उचललं, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला, झाकण लावून उलटा धरला आणि गदागदा हलवला. दुकानदार म्हणाला, "मावशी, डबा घेताय की घोडा?" ती म्हणाली, "तुझा माल हाय, म्हणून बघते." माझ्यासारखीच संशयी बाई पहिल्यांदा भेटली आणि मला ती आवडून गेली. तिनं माझ्यावर 'मंजुळा' असं नाव घालून घेतलं. अंगावर घातलं ते घातलंच, झाकणावरही घातलं. लग्नाकार्यात झाकणं बदलली जातात, हे तिला माहीत होतं.

माझं काम ठरलेलं होतं. नात्यात कुणी बाळंत झाली की मंजुळा डिंक तुपात फुलवायची, खारीक कुटायची, खोबरं भाजायची, गूळ, चिमूटभर मेथी, आणि वळलेले लाडू माझ्यात भरून मला त्या घरी घेऊन जायची. तिथे गेल्यावर तिचा एक नियम असे. डबा बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचा. ना कपाटात, ना देवाजवळ. "तिला हात लांबवला की मिलला पायजे," ती म्हणायची. "पोर अंगावर पितंय, भूक कधी लागंल सांगता येतं का?" किती बाळंतिणींच्या उशाशी बसलो मी. माझं किती कौतुक व्हायचं. डबा पोचला म्हणजे माहेर पोचलं, असं बायका म्हणायच्या.

दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात मात्र माझे हाल. सुतळीचा गुंडा, सुटी बटणं, अर्ध्या संपलेल्या गोळ्यांची पाकिटं, कुठल्या कुलपाची कुणालाच ठाऊक नसलेली किल्ली, हे सगळं माझ्या पोटात कोंबायचे. मंजुळा गेली तेव्हाही माझ्यात बटणंच होती. तिची मुलगी मालन मला घेऊन दिव्याला भाड्याच्या घरी आली. आणि बऱ्याच वर्षांनी एके दिवशी तिनं बटणं उपडी करून मला चिंचेनं घासलं. मी ओळखलं. मालनची मुलगी योगिनी बाळंत झाली होती.

आता रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. पण दिव्याच्या त्या इमारतीत पाणी यायचं ते बादलीला बादली लावून भांडायला लावणारं, आणि मालनचं घर तिसऱ्या मजल्यावर. तान्ह्या बाळाची आंघोळ, दुपटी, लंगोट, हे सगळं कशानं धुवायचं? म्हणून योगिनी कोपरला सासरीच राहिली. मालनला ते लागलं होतं. लाडू वळताना ती एकटीच बोलत होती. "पोरीला आणता नाय आलं. निदान तू तरी नीट जा," असं मला म्हणाली. म्हणजे मित्रांनो, मी नुसता डबा म्हणून गेलो नव्हतो. मी माहेर म्हणून गेलो होतो.

कोपरच्या घरी दार उघडलं ते योगिनीच्या सासूबाईंनी, सुमतीनं. ही देशावरची बाई, साताऱ्याकडची. तिनं मला हातात घेतलं, झाकण उघडून वास घेतला.

"मेथी किती घातलीत, विहीणबाई?"

"चवीपुरती."

"हं," सुमती म्हणाली. त्या एका 'हं'मध्ये मला माझी जागा कळली. मालन म्हणाली, डबा योगिनीच्या उशाशी ठेवते. सुमती म्हणाली, "तिथे नको, मुंग्या होतील. बाळ आहे." आणि मला स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर चढवलं. मुंग्यांचं कारण खोटं नव्हतं. पण फळीवर बसताक्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली.

फळीवरून घर मात्र चांगलं दिसतं. मी बघत राहिलो.

या घरात प्रत्येक अन्नावर काही ना काही आरोप होता. योगिनीनं वरण मागितलं तर सुमती म्हणायची, "तूरडाळ नको गं, बाळाच्या पोटात गॅस धरतो." पालेभाजी खाल्ली तर बाळाला हिरवी शी होणार होती. केळं सर्दी करणारं. दही तर विचारूच नका. अंडं उष्ण. मासळीचं नाव काढलं की सुमती नुसती बघायची. आणि पाणी? "घोट घोट पी, नाहीतर पोट सुटेल." एवढ्या आरोपींमधून सुटले ते फक्त मऊ भात, तूप आणि मेतकूट. तेही सगळ्यांची जेवणं झाल्यावर, बाळ झोपलं असेल तर. बाळ नेमकं त्याच वेळी उठायचं, आणि भात गार व्हायचा.

"एवढंच?" एकदा प्रीतमनं, योगिनीच्या नवऱ्यानं, ताटाकडे बघून विचारलं.

"अरे, वर लाडू आहेतच की," सुमती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लाडू म्हणजे काय कमी झालं? अजून खाल्लं तर पचणार नाही."

मित्रांनो, या वाक्यापाशी जरा थांबा. माझ्या भरवशावर तिचं ताट लहान केलं होतं. आणि मी फळीवर होतो.

आता माझ्यात लाडू होते, ते जायचे कुठे, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला तर तेच बघत बसायचा धंदा होता. बाळ बघायला माणसं यायची. खालच्या मजल्यावरच्या कलावतीकाकू तर बाळ बघायला इतक्या वेळा आल्या, की बाळच त्यांना बघायला लागलं. सुमती प्रत्येकाच्या हातावर एक लाडू ठेवायची. "विहीणबाईंनी पाठवलेत, घ्या. तुपात हात राखलेला नाही." माझी स्तुती करकरून मला रिकामा करत होती. प्रीतम सकाळी पायात बूट घालून घाईनं यायचा आणि एक उचलायचा. त्याची बहीण रसिका ठाण्याहून सुट्टीच्या दिवशी यायची, वहिनीला वजनाबद्दल चार सूचना करायची आणि जाताना एक लाडू कागदात बांधायची. सासरे चांगदेव, रक्तात साखर असलेला माणूस, पाणी प्यायला स्वयंपाकघरात यायचे. एवढी तहान मी कुठल्या माणसाला लागलेली पाहिली नाही. आणि सुमती? तीही झाकण उघडायची, एखादा लाडू बोटानं दाबून बघायची, तो मोडायचा, मग मोडलेला लाडू कुणाला कसा द्यायचा म्हणून स्वतःच्या तोंडात टाकायची.

योगिनीचा हात मात्र एकदाही माझ्यापर्यंत आला नाही. ती स्वयंपाकघरात यायची, पाण्याचा पेला भरायची, वर बघायची. मी 'ये' म्हणत होतो. पण डब्याचं कोण ऐकतं.

बाळ किरकिर करू लागलं. मुलगी होती, नाव अजून ठेवायचं होतं, सगळे तिला छकुली म्हणत. ती दिवसभर अंगावर चिकटलेली असायची आणि तरी रडायची. घरात कुजबुज सुरू झाली. एका रविवारी रसिकानं पिशवीतून एक नवा कोरा डबा काढला आणि माझ्या शेजारी फळीवर ठेवला. पावडरच्या दुधाचा. चकचकीत, अंगावर हसऱ्या बाळाचं चित्र. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे.

"वहिनी, राग मानू नकोस," रसिका म्हणाली. "तुला पुरत नाहीये. नसतं काहींना. त्यात काय एवढं?"

"मला पुरतं," योगिनी म्हणाली.

"मग रडते का ती?"

योगिनीनं बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं. "प्रीतम, मला अंगावरच पाजायचंय. थोडे दिवस दे मला."

प्रीतम भला माणूस, पण त्याला दोन्ही बाजूंनी होकार द्यायची सवय. "योगू, लस द्यायला नेऊ तेव्हा वजन होईलच. वाढलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर डबा उघडू. चालेल?"

चालेल, असं योगिनी म्हणाली. तिचा चेहरा मला फळीवरून दिसत होता. चालणार नव्हतं.

लशीच्या दिवशी सगळी वरात दवाखान्यात गेली. मी गेलो नाही, पण या घरातलं काहीही बाहेरच संपत नाही, घरी येऊन पुन्हा सगळं बोललं जातं. वजन वाढलं होतं, पण जेवढं वाढायला हवं तेवढं नाही. प्रीतमनं पावडरचं विचारलं, तर डॉक्टरीणबाईंनी आधी योगिनीला बाळाला पाजायला सांगितलं आणि नीट बघितलं. बाळ कसं धरायचं, तोंड केवढं उघडलं पाहिजे, ते दाखवलं. मग विचारलं, "तुम्ही काय खाता?"

सुमतीनंच उत्तर दिलं. "डिंकाचे लाडू खाते ना. सकाळ-संध्याकाळ."

"आणि जेवण?"

"मऊ भात."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाडू म्हणजे जेवण नव्हे. अंगावर पाजणाऱ्या आईला गरोदरपणापेक्षाही जास्त लागतं. नेहमीच्या जेवणांवर अजून एक छोटं जेवण रोज पोटात गेलं पाहिजे. भाकरी, वरण, पालेभाजी, अंडी, दूध, चालत असतील तर मासे, मूठभर शेंगदाणे, आणि तहान लागेल तेवढं पाणी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. मागेल तेव्हा पाजा, पावडर आत्ता नको. आठवड्यानं पुन्हा वजन बघू, मग ठरवू.

म्हणजे माझ्या शेजाऱ्याला एक आठवड्याची तारीख पडली होती.

घरी आल्यावर सुमती तडक स्वयंपाकघरात आली. तिचा संशय आता माझ्यावर होता. एवढे लाडू खाऊन पोरीला दूध नाही, म्हणजे लाडवातच काहीतरी कमी असणार. दिव्याचा माल. तिनं मला खाली काढलं आणि ओट्यावर ठेवलं. नेमकी त्याच वेळी मालन आली. वजन कळायचं होतं म्हणून ती सकाळचं काम टाकून आली होती, हातात मांदेलीच्या कालवणाचा डबा. तिच्यादेखत सुमतीनं माझं झाकण काढलं.

तळाशी दोन लाडू होते, आणि चुरा.

"एवढे खाल्लेस?" सुमतीनं विचारलं. रागानं नव्हे. मला वाटतं, तिला बरंच वाटलं होतं.

योगिनी दारात बाळाला घेऊन उभी होती. "मी कुठे खाल्ले, आई?"

"म्हणजे?"

"मला कुणी दिलेच नाहीत."

"अगं, दिले नाहीत काय? तुझ्या आईचा डबा. तुझ्याच घरचे लाडू मी तुला काढून वाढायचे? तू म्हणाली असतीस, सासू मोजून खायला घालते."

"आणि मी फळीवर हात घातला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

काय म्हणाली असती ते सुमतीला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मालननं कालवणाचा डबा ओट्यावर ठेवला. "म्हंजे दोघी शान्या," ती म्हणाली. "आन मधल्या मधी माझी पोर उपाशी."

"मग गेले कुठे?" सुमतीनं घराकडे वळून विचारलं.

प्रीतमनं घसा साफ केला. "मी सकाळी एखादा घ्यायचो. मला वाटलं, योगूचे वेगळे काढून ठेवलेत."

"मी तर एकच घेतला होता," रसिका म्हणाली. वजन ऐकायला तीही आली होती.

"दर वेळी एकच," बाहेरच्या खोलीतून चांगदेव म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका," सुमती म्हणाली. "परवा साखर वाढली कशी, ते आज कळलं."

"डॉक्टर म्हणाले गोळी बदलू. म्हटलं, बदला."

योगिनीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. मालन मात्र हसली नाही. ती सुमतीकडे बघत होती, आणि बघण्यात ती मंजुळाचीच मुलगी होती.

"मी फक्त मोडलेले खाल्ले," सुमती म्हणाली.

"विहीणबाई, माझे लाडू मोडत नाय."

सुमतीनं ते दोन लाडू वाटीत काढले. चुराही काढला, बोटानं कडा पुसून. मग मला कडेवर मूल घ्यावं तसं काखोटीला मारलं, वाटी घेऊन आतल्या खोलीत आली आणि योगिनीच्या उशाशी ठेवलं. मुंग्या येऊ नयेत म्हणून खाली पाण्याची ताटली ठेवली. इतकं साधं होतं ते.

"बस. खा," सुमती म्हणाली.

"नंतर खाते, आई. आधी हिला..."

"हिला पाजत पाजतच खा. दोन्ही. मी बसलेय इथे." आणि ती खरंच समोर स्टूल घेऊन बसली, हाताची घडी घालून, चोर पकडायला बसल्यासारखी. योगिनीनं पहिला घास घेतला. सुमती तिच्या गळ्याकडे बघत होती. गिळला की नाही, याचा तिला भरवसा नव्हता.

त्या दिवशी दुपारी योगिनी सगळ्यांच्या आधी जेवली. मालननं कालवण वाढलं, तेव्हा सुमतीनं वाटी नाकाशी नेली. "तिखट किती आहे?"

"पोरीसाठी कमीच घातलाय."

"काटे?"

"विहीणबाई, तुमी बाजूला बसून बगा. काटा गेला तर मला सांगा."

पुढचे दिवस म्हणजे घरातला मोठा खटलाच होता. पहिल्या दिवशी मुगाचं वरण हजर झालं. सगळं घर बाळाच्या पोटाकडे बघत बसलं. काही झालं नाही. वरण निर्दोष सुटलं. मग मेथीची भाजी, मग अंडं, मग केळं. प्रत्येकाला सुमती आधी संशयानं बघायची, मग जास्तीचं वाढायची. सकाळच्या नाश्त्यानंतर आणि दुपारच्या झोपेनंतर बशी यायची. कधी थालीपीठ, कधी शेंगदाणे-गूळ, कधी दूध. पाण्याचा तांब्या माझ्या शेजारीच असायचा. मालननं पुन्हा लाडू वळून दिले, ते माझ्यात होते, पण मी काही आता घराचा खांब नव्हतो. ताट मोठं झालं होतं. मी होतो तो ताटाच्या वरचा, जादाचा.

कलावतीकाकू एकदा येऊन माझ्याकडे हात लांबवू लागल्या. सुमती म्हणाली, "काकू, चहा टाकते. डबा बाळंतिणीचा आहे." मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी कुणावर विश्वास टाकला नव्हता. त्या क्षणी थोडासा टाकला. लगेच परत घेतला, पण टाकला होता.

आठवड्यानं ती सगळी वजनाला गेली. योगिनी जाताना फळीकडे, त्या हसऱ्या बाळाच्या डब्याकडे बघून गेली. घर रिकामं होतं. मी आणि चांगदेव. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि ते उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. मोहाला एवढा मान देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

दार वाजलं. सुमती चपला न काढताच थेट आतल्या खोलीत आली. माझं झाकण उघडून एक लाडू काढला, आणि मागून येणाऱ्या योगिनीच्या तोंडात घातला.

"आई, मला बसू तरी द्या."

"बस आणि खा. मनासारखं वाढलंय म्हणाल्या ना डॉक्टरीणबाई? आता ढील द्यायची नाही."

प्रीतमनं दुसऱ्या दिवशी तो न उघडलेला पावडरचा डबा दुकानात परत दिला. जाताना तो डबा मला जरा उदास वाटला. माझं त्याच्याशी वैर नाही. ज्या बाळाला त्याची खरोखर गरज आहे, तिथे त्यानं जावं. फक्त आईचं ताट रिकामं ठेवून त्याला बोलावू नये, एवढंच.

पुढे बारसं झालं. मला दिव्याला परत जायची वेळ आली. रिकामा डबा परत देत नाहीत, ही रीत सुमतीलाही ठाऊक होती. तिनं स्वतः नाचणीचे लाडू वळले, मला काठोकाठ भरलं आणि मालनच्या हातात दिलं. मालनच्या घरी आता सून दक्षता गरोदर होती, तिचे दिवस भरत आले होते.

मालननं सवयीनं एक लाडू उचलून बोटानं दाबला.

"मोडत नाहीत," सुमती म्हणाली. "आणि विहीणबाई, डबा फळीवर ठेवू नका. पोरीच्या उशाशी. ती लाजेल. तुम्ही समोर बसा."

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. कुणाच्या घरी तान्हं बाळ बघायला गेलात, तर हात हलवत जाऊ नका. चार केळी न्या, एखादा भोपळा न्या, शेंगदाण्यांची पुडी न्या. आणि बाळाच्या आईला विचारा, "तू जेवलीस का?" ती 'हो' म्हणेल. तिच्यावर विश्वास ठेवू नका. ताट बघा.

आणि समोर कुणी डिंकाचा लाडू धरला, तर आधी डबा कुणाचा ते विचारा. तुम्ही विचाराल याची मला काही खात्री नाही. मघापासून तुमच्या ओठांना खोबऱ्याचा कीस लागलेला मला दिसतोय.